लुईस हॅमिल्टन : जुन्या कार्टपासून फॉर्म्युला वनपर्यंत (एक पाठ, थोडं गणित आणि पालकांशी चार गोष्टी)



चौथी-पाचवीच्या मुलांना कोरा कागद दिला आणि "आवडेल ते काढा" म्हटलं, की निदान चार-पाच जण तरी रेसिंगची गाडी काढतातच. चाकं मोठी, मागे पंखा, बाजूला एक नंबर आणि मागून निघणारा धूर! मोबाईलवरच्या गेममुळे ही गाडी आता खेड्यातल्या मुलांनाही ओळखीची झाली आहे. पण ती गाडी चालवणारा माणूस तिथपर्यंत पोहोचतो कसा, हे बहुतेक मुलांना माहीत नसतं. "खूप जोरात चालवता आली की झालं" एवढंच त्यांना वाटतं.

म्हणून आजच्या पाठासाठी लुईस हॅमिल्टन हा इंग्लंडचा ड्रायव्हर घेतला आहे. फॉर्म्युला वनमध्ये सात वेळा जगज्जेता झालेला हा माणूस एका सामान्य नोकरदाराचा मुलगा आहे. त्याच्या गोष्टीत मेहनत आहे, वडिलांचे कष्ट आहेत, एका गुणाने झालेली हार आणि एका गुणाने झालेली जीत आहे. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाचं दुःखही आहे, आणि ते आपण शिक्षकांनी जरूर वाचावं असं आहे. शेवटी वर्गात घेता येतील असे प्रश्न आणि उपक्रम दिले आहेत.

आधी समजून घेऊ : कार्टिंग म्हणजे काय?

कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकलेली, छोटीशी, उघडी गाडी. चार लहान चाकं, एक सीट, एक स्टिअरिंग, बाजूला किंवा मागे इंजिन. दरवाजा नाही, छप्पर नाही. आपल्या मोटारीला खड्ड्यांचे धक्के कमी करणारं सस्पेन्शन असतं, ते कार्टला नसतं. त्यामुळे ट्रॅकवरचा प्रत्येक उंचवटा थेट पाठीला कळतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवलेली असतात, म्हणून वळणावर गाडी नीट वळवणं हेच मोठं कौशल्य असतं.

मुलांना सांगताना मी असं सांगते : पोहायला शिकताना आपण आधी विहिरीच्या कडेला, कमी पाण्यात हातपाय मारतो. रेसिंगवाल्यांसाठी कार्टिंग तसंच आहे. ब्रेक कुठे लावायचा, वळण कुठून घ्यायचं, पुढच्याला कधी गाठायचं, पावसात चाक घसरलं तर काय करायचं, हे सगळं इथे शिकायला मिळतं. आज फॉर्म्युला वनमध्ये असलेले जवळपास सगळे ड्रायव्हर लहानपणी कार्टिंग करूनच आले आहेत.

बालपण आणि बाबांची अट

लुईसचा जन्म ७ जानेवारी १९८५ रोजी इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज या गावात झाला. वडील अँथनी यांचे आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून इंग्लंडला येऊन स्थायिक झाले होते. आई कारमेन गोऱ्या ब्रिटिश कुटुंबातली. लुईस दोन वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. सुरुवातीची वर्षं तो आईजवळ राहिला आणि नंतर वडिलांकडे. तिथे सावत्र आई लिंडा आणि धाकटा भाऊ निकोलस होता.

सहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी आणून दिली. या गाड्यांच्या स्पर्धेत हा चिमुरडा मोठ्या माणसांच्या बरोबरीने उतरला आणि दुसरा आला! डोळे आणि हात यांचा मेळ किती चांगला आहे, हे वडिलांच्या तिथेच लक्षात आलं. पुढे त्यांनी त्याला एक वापरलेली जुनी कार्ट घेऊन दिली, आणि १९९३ मध्ये, आठ वर्षांचा असताना, तो शर्यतीत उतरला.

कार्ट देताना वडिलांनी एक अट घातली : "शाळेत मन लावून अभ्यास केलास, तरच मी तुला रेसिंगसाठी मदत करीन."

पालकहो, ही अट ऐकायला आपल्याला फार आवडते. "बघ, त्याच्या बाबांनी पण हेच सांगितलं होतं" असं लगेच आपल्या तोंडी येतं. पण गोष्टीचा पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. अँथनी संगणक क्षेत्रात नोकरी करत होते. मुलाचा खर्च भागेना, तेव्हा त्यांनी जोडीला आणखी कामं धरली. भांडी घासली, घरं विकणाऱ्या एजंटांचे बोर्ड उभे केले, खिडक्यांच्या काचा विकल्या. कधीकधी एका वेळी चार-चार कामं चालायची. शनिवार-रविवार कार्ट गाडीत घालून मुलाला ट्रॅकवर न्यायचं, कार्ट स्वतःच दुरुस्त करायची, टायर तपासायचे आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचं. म्हणजे अट एकट्या मुलाला नव्हती, बाबांनी ती स्वतःलाही लावून घेतली होती. मुलाला अट घालताना आपण आपल्या बाजूने काय देणार आहोत, हे घरात एकदा बोललं जातं का? विचार करून बघा.

पिवळं हेल्मेट आणि ब्रेकची जागा

वर्गात मुलांना हमखास आवडणाऱ्या या दोन छोट्या गोष्टी.

पहिली, हेल्मेटची. ट्रॅकवर वीस-तीस कार्ट एकदम पळतात, त्यात आपलं पोरगं कुठलं हे लांबून कळत नाही. म्हणून वडिलांनी लुईसला झळझळीत पिवळं हेल्मेट दिलं. पुढे फॉर्म्युला वनमध्येही अनेक वर्षं त्याची ओळख पिवळ्या हेल्मेटनेच होती. त्याचा आवडता ड्रायव्हर, ब्राझीलचा आयर्टन सेना, हाही पिवळंच हेल्मेट घालायचा. तसाच ४४ हा नंबर. लुईसच्या कार्टवर तो असायचा, आणि २०१४ पासून ड्रायव्हरना स्वतःचा कायमचा नंबर निवडायची मुभा मिळाली तेव्हा त्याने तोच मागून घेतला.

दुसरी, ब्रेकची. अँथनी ट्रॅकच्या वळणावर जाऊन उभे राहायचे. सगळ्यात चांगला ड्रायव्हर नेमका कुठे ब्रेक लावतो ते बघायचे. मग त्याच्या थोडं पुढे जाऊन उभे राहायचे आणि मुलाला सांगायचे, "तू इथे ब्रेक लावायचा." उशिरा ब्रेक म्हणजे सेकंदाच्या काही भागाची बचत. सुरुवातीला कार्ट घसरायची, बाहेर जायची. पण हळूहळू जमायला लागलं. उशिरा ब्रेक लावून पुढच्याला गाठायची त्याची पद्धत पुढे जगभर गाजली.

शिक्षक म्हणून मला यात एक गोष्ट फार भावते. "जोरात चालव", "मन लावून चालव" असं अँथनी नुसतं ओरडत राहिले नाहीत. त्यांनी निरीक्षण केलं आणि मुलाला एक नेमकी, दिसेल अशी जागा दाखवली. आपण वहीवर "अक्षर सुधारा" असा शेरा मारतो. त्याऐवजी "'क' ची दांडी रेषेला टेकव" असं लिहिलं, तर मुलाला नेमकं काय करायचं ते कळतं.

दहा वर्षांचा मुलगा आणि एक सही

१९९५ मध्ये, दहा वर्षांचा असताना, लुईस लहान गटात ब्रिटनचा कार्टिंग विजेता झाला. त्याच वर्षी लंडनमधल्या एका बक्षीस समारंभात त्याला मॅकलारेन या मोठ्या फॉर्म्युला वन संघाचे प्रमुख रॉन डेनिस भेटले. सही घ्यायला वही पुढे करत त्याने सांगितलं की मी ब्रिटिश विजेता आहे आणि एक दिवस मला तुमच्या गाड्या चालवायच्या आहेत. डेनिस यांनी सहीसोबत लिहून दिलं की नऊ वर्षांनी फोन कर, तेव्हा बघू.

नऊ वर्षं थांबावं लागलं नाही. लुईस जिंकत राहिला. १९९८ मध्ये, तेरा वर्षांचा असतानाच, मॅकलारेन आणि मर्सिडीज-बेंझ यांनी त्याला आपल्या तरुण ड्रायव्हरांच्या योजनेत घेतलं. खर्चाचा मोठा भार आता त्यांनी उचलला.

इथे मुलांना एक प्रश्न नक्की विचारा : "लुईसने मागितलं म्हणून मिळालं का?" मुलं थोडं थांबतात, मग कोणीतरी म्हणतं, "नाही, त्याआधी तो जिंकला होता." बरोबर. मागण्याचं धाडस लागतंच, पण हातात दाखवायला काहीतरी असावं लागतं.

एकेक पायरी

कार्टिंगमधून थेट फॉर्म्युला वनमध्ये कोणी जात नाही. पहिलीतून एकदम दहावीत जाता येत नाही, तसंच हे. लुईसच्या इयत्ता अशा :

• १९९३ ते २००१ – कार्टिंग. २००० मध्ये पंधराव्या वर्षी युरोपचा विजेता.
• २००२ – फॉर्म्युला रेनॉ, ब्रिटन. पूर्ण मोसमात तिसरा.
• २००३ – तीच स्पर्धा, या वेळी पहिला.
• २००४ – फॉर्म्युला थ्री युरो सिरीज. पाचवा.
• २००५ – तीच स्पर्धा, २० पैकी १५ शर्यती जिंकून पहिला.
• २००६ – जीपी टू. पहिल्याच वर्षी विजेता.
• २००७ – फॉर्म्युला वन.

आता ही यादी फळ्यावर लिहा आणि मुलांना नीट बघायला सांगा. २००२ मध्ये तिसरा, २००४ मध्ये पाचवा. नव्या इयत्तेत गेल्यावर हा हुशार मुलगाही मागे पडला. पण दुसऱ्या वर्षी तिथेच थांबून त्याने ती पायरी पक्की केली. आपल्याकडे तिसरीतून चौथीत गेलेल्या मुलाला पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की घरात केवढा गोंधळ उडतो! नवीन पायरीवर पाय थोडा डळमळणारच, हे या यादीतून मुलांना आणि पालकांनाही दाखवता येतं.

२००६ मधली इस्तंबूलची शर्यतही सांगण्यासारखी आहे. लुईसची गाडी गरकन फिरली आणि तो जवळजवळ सगळ्यांच्या मागे गेला. तिथून एकेकाला गाठत तो दुसरा आला.

(या पायऱ्यांची नावं आता बदलली आहेत. आज कार्टिंगनंतर फॉर्म्युला फोर, थ्री, टू आणि मग वन असा क्रम आहे.)

एका गुणाची हार

२००७ मध्ये लुईस मॅकलारेनकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. वय २२. या खेळातला तो पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. संघातला जोडीदार होता स्पेनचा फर्नांडो अलोन्सो, आधीच दोन वेळा जगज्जेता झालेला. आणि या नवख्या मुलाने काय केलं? पहिल्या नऊच्या नऊ शर्यतींत पहिल्या तिघांत आला! सहावी शर्यत कॅनडात होती, ती त्याने जिंकली.

शेवटच्या दोन शर्यती उरल्या तेव्हा लुईसचे १०७ गुण होते, अलोन्सोचे ९५ आणि फिनलंडच्या किमी रायकोनेनचे ९०. एका शर्यतीत जास्तीत जास्त १० गुण मिळायचे. म्हणजे जगज्जेतेपद जवळजवळ हातात आलं होतं. पण चीनमध्ये त्याच्या गाडीचा टायर पार झिजला. टायर बदलायला आत येताना वळणावरच गाडी घसरून खडीत रुतली. शून्य गुण. पुढे ब्राझीलमध्ये सुरुवातीलाच गाडीच्या गिअरमध्ये बिघाड झाला, तो खूप मागे पडला आणि कसाबसा सातवा आला. शेवटी रायकोनेन ११०, हॅमिल्टन १०९, अलोन्सो १०९.

एक गुण!

एका गुणाची जीत

पुढच्या वर्षी, २ नोव्हेंबर २००८. पुन्हा ब्राझील, पुन्हा शेवटची शर्यत. लुईसचे ९४ गुण, ब्राझीलच्याच फेलिपे मासाचे ८७. मासाने शर्यत जिंकली तर लुईसला निदान पाचवा क्रमांक लागणार होता.

मासा पहिला चालला होता. लुईस पाचवा होता. शेवटी शेवटी पाऊस आला. दोन-तीन फेऱ्या उरल्या असताना सेबास्टियन फेटेलने लुईसला मागे टाकलं. आता तो सहावा! मासाने शेवटची रेषा ओलांडली. त्याच्या घरच्यांनी आनंदाने उड्या मारल्या. त्यांना वाटलं आपणच जिंकलो. पण पुढे टिमो ग्लॉक नावाचा ड्रायव्हर कोरड्या रस्त्याच्या टायरवर ओल्या ट्रॅकवर चालला होता. त्याची गाडी घसरत होती, वेग पडला होता. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर लुईसने त्याला गाठलं आणि पाचवा आला. २३ वर्षांचा लुईस जगज्जेता झाला, तेव्हापर्यंतचा सगळ्यात लहान.

एक वर्ष आधी एका गुणाने गेलेलं विजेतेपद दुसऱ्या वर्षी एका गुणाने मिळालं. आणि मासा? घरच्या प्रेक्षकांसमोर शर्यत जिंकूनही जगज्जेतेपद हुकलेला तो माणूस डोळे भरून आलेले असताना छातीवर हात ठेवून प्रेक्षकांना वंदन करत उभा राहिला. मुलांना लुईसबरोबर मासाबद्दलही सांगा. वर्गात पहिल्या येणाऱ्यापेक्षा दुसऱ्या येणाऱ्याला आपल्या शब्दांची गरज जास्त असते.

पुढचा प्रवास थोडक्यात

२०१३ मध्ये लुईस मर्सिडीज संघात गेला. तेव्हा अनेकांना तो निर्णय चुकीचा वाटला होता. पण २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०१९ आणि २०२० अशी सहा विजेतेपदं त्याने तिथे मिळवली. एकूण सात, म्हणजे जर्मनीच्या मायकेल शूमाखरच्या विक्रमाची बरोबरी. २०२१ मध्ये शेवटच्या शर्यतीआधी त्याचे आणि मॅक्स वेरस्टॅपनचे गुण अगदी समान होते आणि शेवटच्या फेरीत विजेतेपद हुकलं. त्यानंतर अडीच वर्षांहून जास्त काळ एकही विजय नाही. मग जुलै २०२४ मध्ये घरच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर तो जिंकला, आणि गाडीतून उतरून वडिलांच्या मिठीत रडला. २०२४ अखेरपर्यंत त्याचे एकूण विजय १०५ झाले. २०२५ पासून तो फेरारीकडून खेळतो.

वडिलांबद्दल आणखी एक. अँथनी अनेक वर्षं मुलाचे मॅनेजर होते. २०१० मध्ये दोघांनी ते काम वेगळं केलं, नातं मात्र टिकलं. हात धरणं जितकं अवघड, तितकंच तो वेळेवर सोडणंही.

शाळेतला लुईस : हे आपल्यासाठी

लुईस लहान होता तेव्हा शाळेत मुलं त्याला रंगावरून त्रास द्यायची. स्वतःचं रक्षण करता यावं म्हणून पाचव्या वर्षी तो कराटे शिकला. मोठेपणी एका मुलाखतीत त्याने सांगितलं की शाळा हा आयुष्यातला फार कठीण काळ होता. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता होती, आणि हे त्याला किशोरवयात गेल्यावर कळलं. तोवर तो कमी हुशार मुलांच्या गटात बसत राहिला.

जरा कल्पना करा. ताशी २०० किलोमीटरच्या वेगात, पावसात, सेकंदाच्या शंभराव्या भागात अचूक निर्णय घेणारा मेंदू शाळेत "मागे पडलेला" ठरला होता.

'तारे जमीं पर' आपण सगळ्यांनी बघितला, रडलो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर पुन्हा "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणालो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. एखादं मूल बोलण्यात तरतरीत असेल, पण वाचताना अडखळत असेल, अक्षरं उलटी लिहीत असेल, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळत असेल, तर त्याला आळशी ठरवू नका. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोला. आणि पालकहो, शाळेने असं काही सुचवलं तर कृपया रागावू नका. "आमच्या मुलाला वेडा ठरवताय का?" हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलं आहे. तपासणी लवकर झाली तर मुलाची कितीतरी वर्षं वाचतात.

धाकटा भाऊ निकोलस याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तोही मोठा झाल्यावर खास बदल केलेल्या गाडीतून ब्रिटनमधल्या मोटार शर्यतींत उतरला. लुईस त्याला आपली प्रेरणा म्हणतो.

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून अभिमानाने सांगावीशी वाटते. आपल्यासारखी मुलं या खेळात इतकी कमी का, हे शोधायला लुईसने इंग्लंडच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगबरोबर एक आयोग नेमला. त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यानंतर त्याच्या 'मिशन ४४' या संस्थेने आधी कोणाला मदत केली? विज्ञान आणि गणित शिकवणारे दीडशे कृष्णवर्णीय शिक्षक घडवण्याच्या कामाला! रेसिंगमधला माणूस उत्तर शोधत शोधत शेवटी शाळेच्या वर्गात आला.

पैशाचं काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं खरं होणार नाही. मोटार रेसिंग हा फार महागडा खेळ आहे. कार्ट, इंजिन, टायर, प्रवास, प्रवेश फी... आपल्याकडेही गंभीरपणे कार्टिंग करायचं तर खर्च लाखांत जातो. आणि फॉर्म्युला वनमध्ये साऱ्या जगासाठी जागा आहेत वीस-बावीस. आपल्यासारख्या घरातून आज इथपर्यंत येणं जवळपास अशक्य झालंय, असं लुईसने स्वतःच बोलून दाखवलं आहे. त्यामुळे "मेहनत केली की काहीही मिळतं" असं मुलांना सांगू नका. लुईसने मेहनत केली, वडिलांनी केली, आणि तेराव्या वर्षी एका मोठ्या कंपनीने हातही दिला. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या. मुलांना खरं सांगितलं तर ती निराश होत नाहीत. उलट त्यांचा आपल्यावर विश्वास बसतो.

भारतातूनही काही जण या वाटेने गेले. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्यानंतर २०१० मध्ये चेन्नईचा करुण चंडोक. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच वर आला आणि २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तेव्हा लुईसही तिथे धावला होता.

आणि या क्षेत्रात ड्रायव्हर एकटाच नसतो. दोन-अडीच सेकंदांत चारही चाकं बदलणारे मेकॅनिक, हवेचा अभ्यास करणारे इंजिनिअर, आकडे बघून डावपेच ठरवणारे गणिती, असे शेकडो लोक एका गाडीमागे असतात. गाडीचं चित्र काढणाऱ्या मुलाला हे दरवाजेही दाखवा.

ट्रॅक वेगळा, रस्ता वेगळा

हा पाठ घेताना एक धोका आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वेगाची गोष्ट ऐकून मुलं पेटतात. सातवी-आठवीतली मुलं वडिलांची मोटारसायकल घेऊन शेतावर, दुकानावर, क्लासला जाताना आपण रोज बघतो. "आमचा पोरगा आत्तापासून गाडी पळवतो" असं कौतुकही ऐकतो.

लुईस आठव्या वर्षी गाडी चालवत होता, पण कुठे? बंद ट्रॅकवर. डोक्यावर हेल्मेट, अंगावर जाड सूट, समोरून येणारं वाहन नाही, रस्ता ओलांडणारी आजी नाही, मध्येच आलेली म्हैस नाही, बाजूला झेंडे घेऊन उभी असलेली माणसं, आणि डॉक्टर तयार. रस्त्यावर यातलं काहीच नसतं.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. पण दंड राहू द्या हो. पोरगं धडधाकट घरी यावं, यापेक्षा मोठं काय आहे?

वर्गात घ्यायचे उपक्रम

१. वेग मोजू या (इयत्ता ५ वी)
ताशी ३०० कि.मी. म्हणजे मिनिटाला किती? ३०० ÷ ६० = ५ कि.मी. मग सेकंदाला? ५००० मीटर ÷ ६० = सुमारे ८३ मीटर. मुलांना मैदानावर नेऊन ८३ मीटर मोजून दाखवा. "एक" म्हणेपर्यंत गाडी इथून तिथे! आता ताशी ६० ची मोटारसायकल घ्या. मिनिटाला १ कि.मी., सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर कुत्रं दिसून ब्रेक दाबायला एक सेकंद गेला, तर गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. खडूने १७ मीटर आखा आणि मुलांना चालायला लावा. मग रस्ता सुरक्षेवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

२. जगज्जेता कोण?
तेव्हाचे गुण असे : पहिल्याला १०, मग ८, ६, ५, ४, ३, २ आणि आठव्याला १. मासा ८७ + १० = ९७. लुईस ९४ वर आहे. तो पाचवा आला तर? ९४ + ४ = ९८. सहावा आला असता तर? ९४ + ३ = ९७, म्हणजे बरोबरी! बरोबरी झाल्यावर जास्त शर्यती जिंकलेला विजेता ठरतो. मासाच्या ६, लुईसच्या ५. मग कोण जिंकलं असतं? उत्तर मुलांनाच शोधू द्या.

३. अंदाज
त्या शर्यतीत ७१ फेऱ्या होत्या, एक फेरी सुमारे ४.३ कि.मी. एकूण अंतर किती? आपल्या गावापासून तेवढ्या अंतरावर कोणतं शहर येतं? नकाशात शोधा.

४. चर्चेचे प्रश्न
• लुईसच्या बाबांनी घातलेली अट तुम्हाला योग्य वाटते का? का?
• २००७ च्या हारनंतर तुम्ही लुईसचे मित्र असता तर त्याला काय म्हणाला असता?
• मासाच्या जागी तुम्ही असता तर?
• तुमच्या घरी तुमच्यासाठी कोण जास्तीचं काम करतं? त्यांना चार ओळींचं पत्र लिहा.

शेवटचा प्रश्न घरी द्या आणि पत्र पालकांपर्यंत पोहोचू द्या. कोणी ऊसतोडीला जातं, कोणी रात्रपाळी करतं, कोणी दुसऱ्यांची धुणीभांडी करतं. आपल्या वर्गातही कितीतरी अँथनी आहेत. त्यांच्या मुलांनी ते ओळखलं, आणि आपण त्या मुलांना "ब्रेक इथे लाव" अशी नेमकी जागा दाखवली, तर हा पाठ घेतल्याचं सार्थक झालं.

पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.